अकरा मुलं आणि पन्नास स्टँड

१९७५ च्या फेब्रुवारीत व्हेनेझुएलाची राजधानी काराकासमध्ये एका तळघरातल्या गॅरेजात वाद्यवृंदाची पहिली तालीम ठरली होती. नोटेशनची पानं ठेवायला पन्नास स्टँड देणगीत मिळाले होते. एका स्टँडवर दोघांनी वाचायचं, म्हणजे शंभर मुलांची सोय. आली अकरा. होसे आंतोनिओ आब्रेउ पुढे सांगत की त्या दिवशी त्यांच्यासमोर दोनच वाटा होत्या, एकतर गाशा गुंडाळायचा, नाहीतर अकराचे हजारो करायचे. त्यांनी त्या अकरा जणांना सांगून टाकलं, की हा वाद्यवृंद जगातल्या अव्वल वाद्यवृंदांपैकी एक होणार.

आब्रेउ पियानो वाजवत, रचना करत, आणि पेशाने अर्थतज्ज्ञ होते. माझ्या मते या कामात त्यांना अर्थशास्त्रच जास्त उपयोगी पडलं. व्हेनेझुएला तेलावर जगणारा देश. तेलाचा पैसा कुठे येतो, कुठे अडतो आणि कुठल्या खात्यातून सुटतो हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी आपला उपक्रम सांस्कृतिक खात्याच्या दारात नेलाच नाही. तो समाजकल्याणाच्या खात्यांशी जोडला. मुलं रस्त्यावरून वाद्यवृंदात येतील, गुन्हेगारीपासून लांब राहतील, ही भाषा त्यांनी वापरली. सरकारं उजवी आली, डावी आली, पण ‘एल सिस्तेमा’ या नावाने ओळखली जाऊ लागलेली ही योजना चालूच राहिली. वंचित मुलांसाठी संगीत या कल्पनेचा जगभर जो बोलबाला झाला, त्याचं मूळ इथे आहे.

योजनेचा घाट साधा होता. वस्तीजवळ एक केंद्र. शाळा सुटल्यावर मुलांनी तिथे यायचं, आठवड्यातले पाच-सहा दिवस, कित्येक ठिकाणी रोज तीन-चार तास. वाद्य फुकट. पहिल्या दिवसापासून समूहात वाजवायचं. आधी दोन वर्षं एकट्याने सूर घोटायचे आणि मग वाद्यवृंदात जागा मिळवायची, हा क्रम आब्रेउंनी उलटा केला. ज्याला चार सूर येतात त्याने दोन सूर येणाऱ्याला शिकवायचं. अगदी लहानांसाठी कागदी वाद्यवृंदाची युक्ती होती. पुठ्ठा आणि लगद्याची व्हायोलिन्स मुलांच्या हातात द्यायची. आवाज काहीच नाही, पण वाद्य धरायचं कसं, ठेवायचं कसं, शेजाऱ्याच्या गजाचा धक्का न लागता बसायचं कसं, हे सगळं खरं वाद्य हातात येण्याआधी अंगवळणी पडतं. खरं व्हायोलिन पडून फुटण्याची भीतीही नाही.

यातून काही विलक्षण कलावंत निघाले. बार्किसिमेतोचा गुस्ताव्हो दुदामेल २००९ मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचा संगीत दिग्दर्शक झाला. काराकासच्या गरीब वस्तीतला एदिकसन रुइस सतराव्या वर्षी बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये डबल बास वाजवायला बसला. या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या सांगितल्याशिवाय कुठलाच देणगीदार खिशात हात घालत नाही. पण पुरावा म्हणून त्यांची किंमत फार थोडी. लाखो मुलांतून दोन-चार असामान्य निघणारच, ते कुठेही निघाले असते असंही कुणी म्हणू शकेल. खरा प्रश्न उरलेल्यांचा आहे. ज्या मुलीने पाच वर्षं दुसऱ्या रांगेत व्हायोला वाजवला आणि पुढे दुकानात नोकरी धरली, तिच्या पदरात काय पडलं?

या प्रश्नाचं उत्तर शोधण्याचा सर्वात मोठा प्रयत्न आंतर-अमेरिकी विकास बँकेने केला. तिने या योजनेला मोठाली कर्जं दिली होती, तेव्हा हिशेब मागणं ओघाने आलंच. २०१२-१३ मध्ये १६ केंद्रांत नाव घातलेल्या, ६ ते १४ वयाच्या २,९१४ मुलांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला सप्टेंबर २०१२ मध्ये प्रवेश, दुसऱ्याला वर्षभराने. मग दोन्ही गटांची तुलना. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आले. लवकर प्रवेश मिळालेल्या मुलांचा स्वतःवरचा ताबा थोडा वाढला होता, वागणुकीतल्या तक्रारी थोड्या कमी झाल्या होत्या. ज्यांच्या आया कमी शिकलेल्या होत्या त्या मुलांत, आणि हिंसा जवळून पाहिलेल्या मुलग्यांत, हा फरक जास्त ठळक होता. बुद्धीच्या कसोट्यांत मात्र एकूण गटात काही फरक दिसला नाही. इतरांशी मिळून-मिसळून वागण्यातही नाही.

हा शेवटचा निष्कर्ष पचायला जड आहे, कारण वाद्यवृंद म्हणजे सहजीवनाची शाळा हे तर आब्रेउंचं आवडतं वाक्य. पण त्याहून बोचरा आकडा वेगळाच आहे. ज्या राज्यांत ही केंद्रं होती तिथली जवळपास ४६ टक्के मुलं गरिबीत राहत होती. अभ्यासात आलेल्या मुलांपैकी गरीब होती सुमारे १७ टक्के. म्हणजे गरिबांसाठी म्हणून उघडलेल्या दारातून बरीचशी बऱ्या घरची मुलं आत आली होती. यात कुणाचं कारस्थान नाही. दुपारी चार तास मुलाला मोकळं ठेवणं, त्याला केंद्रावर पोहोचवणं, फॉर्म भरणं, तारखा लक्षात ठेवणं हे ज्या घराला जमतं ते घर मुळात तळाचं नसतं. आपल्याकडच्या शिष्यवृत्त्या आणि उन्हाळी शिबिरं ज्यांनी चालवली आहेत त्यांना हे सांगायला नको.

ब्रिटिश संशोधक जेफ्री बेकर यांनी २०१४ मध्ये या योजनेवर एक कडक पुस्तक लिहिलं. त्यांचा आक्षेप वाद्यवृंदाच्या घाटणीवरच होता. एक माणूस छडी हलवणार, शंभर जण मान डोलावणार, काय वाजवायचं ते दोनशे वर्षांपूर्वीच्या युरोपीय माणसाने ठरवलेलं. यात लोकशाही कुठून शिकणार? टीका थोडी ताणलेली आहे असं मला वाटतं. शिस्त आणि दडपशाही यांत अंतर असतं आणि ते राखणारे शिक्षक असतात. पण जिथे एका गुरूच्या हातात वाद्य, जागा, परदेश दौरा आणि भविष्य असं सगळं एकवटतं, तिथे मुलं तक्रार करायला घाबरतात हे खरं. अलीकडच्या वर्षांत एल सिस्तेमातल्या काही माजी विद्यार्थिनींनी लैंगिक छळाबद्दल उघडपणे बोलायला सुरुवात केली, तेव्हा या टीकेला नवं वजन आलं. गुरुकुलाचं गुणगान करणाऱ्या आपल्या समाजानेही हा भाग वाचून पुढे जाऊ नये.

शिवाय सरकारच्या पैशावर उभं राहिलेलं काम सरकारच्या सावलीतून सुटत नाही. मे २०१७ मध्ये काराकासच्या निदर्शनांत अठरा वर्षांचा एक व्हायोलावादक मारला गेला. तो याच योजनेत वाढलेला. तोवर गप्प राहिलेला दुदामेल त्यानंतर जाहीरपणे बोलला, आणि काही महिन्यांतच राष्ट्रीय युवा वाद्यवृंदाबरोबरचा त्याचा अमेरिका दौरा रद्द झाला.

मग संगीताने काही होतं की नाही? इथे एक जुनं खूळ आधी बाजूला सारू. १९९३ मध्ये अमेरिकेत ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोत्सार्ट ऐकवला गेला. आकृत्या जुळवण्याच्या एका चाचणीत त्यांना थोडे जास्त गुण पडले, आणि तो परिणाम पंधराएक मिनिटांत ओसरला. एवढ्यावरून १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी द्यायचा प्रस्ताव मांडला. ऐकून मुलं हुशार होतात ही समजूत अजून पालकसभांतून फिरते आहे. तिचा आपल्या विषयाशी संबंध नाही.

संबंध आहे तो दुसऱ्या एका प्रयोगाचा. २०१० मध्ये जर्मनीत लाइपझिगच्या दोन संशोधकांनी चार वर्षांच्या ९६ मुलांच्या जोड्या केल्या. काही जोड्यांनी बेडकांच्या खेळात एकत्र गाणं म्हटलं, ताल धरला, उड्या मारल्या. बाकीच्या जोड्यांनी तोच खेळ गाण्या-तालाशिवाय खेळला. नंतर दोघांनी गोट्या न्यायच्या होत्या, आणि एकाच्या हातातली नळी मुद्दाम अशी केली होती की गोट्या खाली सांडाव्यात. एकत्र गायलेल्या जोडीतला जोडीदार मदतीला जास्त वेळा धावला. काही मिनिटांच्या गाण्याने हे घडलं, मग वर्षभराच्या वाद्यवृंदाने का नाही? माझा अंदाज असा: बेडकांच्या खेळात कुणाला चुकायची भीती नव्हती, कुणी पहिल्या रांगेत नव्हतं, आणि दोघं एकमेकांकडे पाहत होते. वाद्यवृंदात सगळे एका माणसाकडे पाहतात. एकत्र असणं आणि एकमेकांवर अवलंबून असणं यात फरक आहे, आणि कार्यशाळेची आखणी करणाऱ्याने तो आधी ओळखावा लागतो.

ही आखणी सर्वात चतुराईने केलेली मला दिसते ती ब्रिटनच्या तुरुंगांत. ‘गुड व्हायब्रेशन्स’ ही संस्था २००३ पासून तिथे आणि पुढे तरुण गुन्हेगारांच्या सुधारगृहांत गमेलान शिकवते. गमेलान म्हणजे इंडोनेशियातला पितळी-कांस्य घंटांचा आणि पट्ट्यांचा वाद्यमेळ. लंडन-मँचेस्टरच्या पोरांना जावाचं वाद्य कशाला, असा प्रश्न पडेल. कारण मजेदार आहे. पंधरा-वीस जणांच्या त्या खोलीत कुणालाच ते येत नसतं. गिटार आणली तर कुणीतरी आधीच शिकलेला निघतो आणि बाकीचे मागे सरतात. इथे सगळे एकाच पायरीवर. नोटेशन वाचावं लागत नाही, म्हणजे जेमतेम अक्षरओळख असलेल्यालाही लाजावं लागत नाही. पहिल्या दहा मिनिटांत हातोडी मारली की गोड आवाज निघतो. पण एकट्याने वाजवलं तर तो आवाज अपुरा वाटतो, कारण एकाचा स्वर दुसऱ्याच्या दोन स्वरांच्या फटीत बसतो. आवर्तन संपताना मोठी घंटा वाजते, आपल्या समेसारखी, आणि ती वाजवणाऱ्याला सगळ्यांचं ऐकत थांबावं लागतं. बूट काढून बसायचं, वाद्यावरून पाय टाकून जायचं नाही, हे नियमही गमेलानसोबतच येतात. तबल्याला पाय लागला की नमस्कार करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही, पण ‘हे करू नका’ अशी पाटी वाचून वैतागलेल्या तरुणाला वाद्याचा मान राखा असं सांगितलेलं चालतं. आठवडाभर काम, शेवटी छोटा कार्यक्रम आणि ध्वनिमुद्रण.

आठवडाभराने आयुष्य बदलत नाही, आणि बदलतं असा दावा करणाऱ्यांपासून चार हात लांब राहावं. अशा आठवड्याचं काम दार किलकिलं करण्याचं. पुढे काय हे दाराबाहेर कोण उभं आहे त्यावर ठरतं.

म्हणूनच सोवेटोची गोष्ट मोलाची. जोहान्सबर्गजवळच्या या वस्तीत मुलांना तंतुवाद्यं शिकवणारा एक छोटा वर्ग पैशाअभावी बंद पडायच्या बेतात आहे, हे ब्रिटिश व्हायोलावादक रोझमेरी नाल्डेन यांच्या कानावर आलं. १९९२ मध्ये त्यांनी १२० व्यावसायिक वादक मित्रांना गोळा केलं आणि ब्रिटनच्या १६ रेल्वे स्थानकांवर एकाच वेळी वाजवायला उभं केलं. दोन तासांत सहा हजार पौंड जमले. रस्त्यावर वाजवून पैसे मागण्याला इंग्रज बस्किंग म्हणतात, त्यावरून संस्थेचं नाव ‘बस्केड’. पण नाल्डेन बाई पैसे पाठवून थांबल्या नाहीत, त्या स्वतः सोवेटोत जाऊन राहिल्या आणि १९९७ मध्ये डीपक्लूफ भागात संगीतशाळा सुरू झाली. तिथली मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे मोठ्या विद्यार्थ्यांना पहिल्यापासून शिक्षक म्हणून तयार केलं गेलं, काहींना वाद्यदुरुस्ती शिकवली गेली. गजाचे केस बदलणारा माणूस वस्तीतच असला की शाळा परदेशी पाहुण्यांवर अवलंबून राहत नाही.

२००७ च्या उन्हाळ्यात या मुलांनी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, बीबीसीच्या प्रॉम्स महोत्सवात, अठराव्या शतकातलं फ्रेंच संगीत वाजवलं. त्या काळात इंग्लंडमध्ये डॉक्टरकी करणाऱ्या, स्वतः व्हायोलिन वाजवणाऱ्या एका गोंयकाराच्या मनात या कार्यक्रमाने घर केलं. डॉ. लुईस डायस गोव्यात परतले आणि २००९ मध्ये त्यांनी ‘चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन’ काढलं. पणजीतल्या ‘हमारा स्कूल’सारख्या ठिकाणी, गरीब स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना व्हायोलिन, चेलो, बासरी, पियानो मोफत शिकवायला सुरुवात झाली.

सोवेटोहून लंडनमार्गे पणजी, असा हा प्रवास ऐकायला छान वाटतो. गंमत अशी की गोव्याला हे बाहेरून यायची गरजच नव्हती. पोर्तुगीज काळात गावोगावच्या चर्चला जोडलेल्या शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी, गायन आणि व्हायोलिन फुकट शिकवलं जाई. हेतू चर्चच्या प्रार्थनेसाठी गाणारे-वाजवणारे तयार करण्याचा होता, मुलांच्या भल्याचा नव्हे. पण चर्चचा मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, गरिबाघरच्या पोराच्या हातात जी विद्या ठेवत होता, ती पुढे त्याचं पोट भरत असे. मुंबईच्या हॉटेलांतले बँड, मूकपटांची वाद्यसाथ आणि नंतर हिंदी चित्रपटांची ध्वनिमुद्रणं गोव्याच्या वादकांनी भरलेली होती, कारण नोटेशन लिहिता-वाचता येणारी माणसं तिथूनच येत. शंकर-जयकिशनच्या रचनांचं वाद्यसंयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं आणि शिष्याने ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधल्या गाण्यात गुरूचं नाव गाजवलं. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ मध्ये स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेकडेही असंच पाहता येईल. खेड्यातल्या मुलाला पखवाज आणि कीर्तन येऊ लागलं की त्याला गावोगाव मान आणि बिदागी मिळते. या जुन्या व्यवस्थांमध्ये दोष भरपूर होते, मुली बहुतेक बाहेरच होत्या. पण एक गोष्ट त्यांच्याकडे होती जी आजच्या बहुतेक कार्यशाळांकडे नाही: शिकल्यानंतर ते कुठे वाजवायचं याचं उत्तर.

मुंबईत हे उत्तर मुलांनी स्वतः शोधलं. धारावीत रॅप, बीटबॉक्सिंग आणि ब्रेकिंगची लाट आली ती आधी मोबाइलवरून. तोंडाने ताल धरायला आणि डोकं टेकवून फिरायला वाद्य विकत घ्यावं लागत नाही. २०१५ मध्ये ‘द धारावी ड्रीम प्रोजेक्ट’ने तिथे हिप हॉपचे मोफत वर्ग सुरू केले. २०१९ मध्ये ‘गली बॉय’ हा चित्रपट आला आणि बाहेरच्यांना या जगाचा पत्ता लागला. त्याच धारावीत ‘अकॉर्न’ या संस्थेने कचरा वेचणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांना घेऊन ‘धारावी रॉक्स’ हा ताफा उभा केला, प्लास्टिकची पिंपं आणि डबे हीच त्याची वाद्यं. पॅराग्वेत कातेउराच्या कचराडेपोलगत २००६ मध्ये फाविओ चावेस यांनी तेलाच्या डब्यांची व्हायोलिन्स करवून घेतली, त्यामागे निव्वळ व्यवहार होता. ते सांगतात, तिथे खरं व्हायोलिन राहत्या घराहून महाग. मुलाच्या घरी ते ठेवणं म्हणजे चोरीला आमंत्रण. कचऱ्याच्या व्हायोलिनचं कौतुक करताना ही बाजू विसरली जाते, आणि कॅमेरे गेल्यावर मुलांना चांगलं वाद्य हवंच असतं हेही.

रॅपच्या वर्गात एक वेगळी गोष्ट घडते. शब्द मुलांचे असतात. पंधरा-सोळाव्या वर्षी, जेव्हा शाळा सुटलेली असते किंवा सुटायच्या बेतात असते, तेव्हा दुसऱ्याची रचना अचूक वाजवण्यापेक्षा आपली चार ओळींची तक्रार तालात बसवणं जास्त ओढतं. हिंदी, मराठी, तमिळ, सगळं एका कडव्यात चालतं. इथे शिक्षकाचं काम अवघड होतं. शिव्या काढून टाकायच्या की राहू द्यायच्या? बापाबद्दल लिहिलेलं स्टेजवर म्हणू द्यायचं का? मुलाने जे लिहिलं त्यात घरातल्या मारहाणीचा उल्लेख आला तर कुणाला सांगायचं? संगीत येणं आणि हे निभावणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. पहिल्याची परीक्षा घेतली जाते, दुसऱ्याची कुणी घेत नाही.

लहानांना समूहात वाजवू द्यावं, मोठ्यांना स्वतःचं घडवू द्यावं, असा माझा ढोबळ कौल आहे. पण कुठलाही प्रकार असो, टिकतो तो नेहमीच्या वेळेला दार उघडणाऱ्या माणसामुळे. स्वतःवरचा ताबा वाढला असं ज्या मुलांबाबत दिसलं, ती मुलं आठवड्यातून अनेक दिवस, महिनोन्‌महिने, ठरलेल्या जागी ठरलेल्या मोठ्या माणसांसमोर बसत होती. वाद्य हे तिथे बसायला मिळालेलं सबळ कारण.

तुमच्याकडे अशा वर्गासाठी मदत मागायला कुणी आलं, तर वार्षिक कार्यक्रमाचा व्हिडिओ नंतर पाहा. आधी विचारा: शिक्षकाला पगार किती आणि पुढची तीन वर्षं तो कुठून येणार? दर महिन्याला किती मुलं गळतात, आणि गळालेल्याच्या घरी कोण जातं? शिक्षकाविरुद्ध तक्रार असेल तर मुलीने ती कुणाकडे करायची? तुटलेली तार कोण बदलतं? उत्तरं नीट मिळाली तर नवीन वाद्य देऊ नका. शिक्षकाचा पगार द्या.